निवळीचे बी आणि शैवलाचे पीक

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात नाट्याचार्य गणदास विदूषकाची बाजू घेताना एक उपमा योजतो. राजाच्या सहवासाने गौतमालाही सूक्ष्म दृष्टी आली असणे शक्य आहे, असे त्याला राणीला पटवावयाचे आहे. गढूळ पाणी चिखल तोडणाऱ्या फळाच्या घर्षणाने जसे स्वच्छ होते, तसा मंदबुद्धीचा माणूसही जाणत्यांच्या संगतीने चलाख होतो, असा त्या श्लोकाचा आशय आहे. कालिदासाने फळाचे नाव घेतलेले नाही. त्याचे कार्य तेवढे सांगितले आहे. हे फळ म्हणजे कतक, मराठीतील निवळी. वर्गात हा श्लोक शिकविताना ‘पाणी स्वच्छ करणारे एक फळ’ एवढ्या टिपेवर बहुधा भागविले जाते आणि उपमेचा जीव जीत आहे तो घर्षणाचा शब्द हातातून निसटतो. फळ पाण्यात नुसते टाकून पाणी निवळत नाही. त्याचे बी मडक्याच्या आतल्या खरबरीत अंगावर घासावे लागते, म्हणजे त्याचा लेप पाण्यात उतरतो. कवीला ही कृती ठाऊक होती, किंबहुना त्याच्या प्रेक्षकांनाही ती घरोघर दिसत असावी. एरवी विनोदी प्रसंगातील चटकन् उमगावयाच्या उपमेसाठी त्याने ती निवडली नसती.

या बियांचे नाव भारतीय भाषांत कसे आले आहे, हे पाहण्यासारखे आहे. मराठीत निवळी, हिंदी व बंगालीत निर्मली, तमिळमध्ये तेट्रा किंवा बोलीत तेत्तांकोट्टै. संस्कृतात कतक या नावाबरोबर पाणी प्रसन्न करणारे या अर्थाची विशेषणे आहेत. झाडाचे रूप, फळाचा रंग, पानाचा आकार यांपैकी कशावरूनही ही नावे पडलेली नाहीत. ती कार्यावरून पडली आहेत. आणि या प्रत्येक भाषेत तो कार्यवाचक शब्द पाण्यापुरता राहिलेला नाही. मराठीत पाणी निवळते, तसे आभाळ निवळते आणि चिघळलेले प्रकरणही निवळते. तमिळ ‘तेट्रु’ या धातूचा अर्थ गढूळ ते स्वच्छ करणे असा आहे आणि शोकाकुल माणसाचे सांत्वन करणे असाही आहे. संस्कृत ‘प्रसाद’ पाण्याचा, मनाचा आणि काव्यगुणाचा. संघम् वाङ्मयातील ‘कलित्तोगै’ या संग्रहातही बियांनी निवळलेल्या पाण्याची उपमा मनाच्या निवळण्याला दिलेली आढळते. एका रानटी झाडाच्या बीने दोन भाषाकुलांत एकाच जागी अर्थाची वाट पाडावी, ही गोष्ट तुलनात्मक अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे.

धर्मशास्त्र आणि वेदान्त यांनी या बीचा उपयोग वेगळ्या हेतूने केला. ‘मनुस्मृती’च्या सहाव्या अध्यायात, संन्यासधर्माच्या प्रकरणात, कतकाचे फळ पाणी स्वच्छ करणारे असले तरी त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे म्हटले आहे, आश्रमाची बाह्य चिन्हे धारण करण्याने धर्म साधत नाही, हे तेथे सांगावयाचे आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोध’ या प्रकरणग्रंथात हीच उपमा अधिक सूक्ष्म झाली आहे. अज्ञानाने कलुषित झालेल्या जीवाला ज्ञान निर्मळ करते आणि मग स्वतःही नाहीसे होते, जशी कतकाची पूड पाण्यातील मळ खाली नेताना स्वतःही खाली जाते. औषध रोगाबरोबर संपते, ही कल्पना अद्वैताला फार सोयीची आहे. ती वस्तुतः खरी आहे काय, हा प्रश्न वेदान्ताच्या अभ्यासकाला पडण्याचे कारण नाही. परंतु पुढे जो विषय यावयाचा आहे त्यात तोच प्रश्न कळीचा ठरतो.

वैद्यक आणि शिल्पविषयक ग्रंथांचा सूर व्यावहारिक आहे. ‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानात, द्रवद्रव्यांच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात, गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत: कतक, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शैवालाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील भूजलावरच्या दकार्गल प्रकरणात विहिरीत टाकावयाच्या चूर्णाचा योग दिला आहे, त्यात अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा यांबरोबर कतकफळ आहे. सुश्रुताच्या यादीतील कतक, वस्त्र आणि शैवाल या तीन नावांकडे येथे विशेष लक्ष द्यावयाचे आहे. योगायोग असा, की आजच्या जैवतंत्रज्ञानातील एका अवघड प्रश्नाच्या चर्चेत ही तिन्ही नावे पुन्हा एकत्र आली आहेत.

तो प्रश्न सूक्ष्मशैवलांच्या कापणीचा आहे. तळ्याच्या पाण्याला हिरवा रंग देणारे हे एकपेशीय जीव सूर्यप्रकाश, कर्बवायू आणि थोडीशी क्षारद्रव्ये यांवर वाढतात. त्यांपासून प्रथिने, रंगद्रव्ये, तेल, पशुखाद्य आणि मत्स्यबीजाचे अन्न मिळते. शिवाय सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ते शोषून घेतात. भारतात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत जर्मन सहकार्याने सुरू झाला आणि त्या अनुभवावर वेंकटरामन् व बेकर यांचा ग्रंथ १९८५ मध्ये निघाला. खनिज तेलाच्या किंमती चढल्या की या जीवांच्या तेलाकडे जगाचे लक्ष जाते आणि उतरल्या की ते ओसरते. पण कापणीचा प्रश्न प्रत्येक वेळी होता तेथेच उभा असतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता या पिकाची अडचण अशी, की ते पाण्यात हरवलेले असते. उघड्या हौदात एक लिटर पाण्यामागे शैवलाचा कोरडा ऐवज साधारणपणे अर्धा ग्रॅम भरतो. म्हणजे एक किलो शैवलासाठी दोन हजार लिटर पाणी बाजूला सारावयाचे. क्लोरेलासारख्या जातीची पेशी दोन ते दहा मायक्रॉन व्यासाची असते आणि तिची घनता पाण्याहून किंचितच अधिक. पाच मायक्रॉन व्यासाची पेशी, पाण्याहून पाच टक्के जड धरली, तर स्टोक्सच्या नियमाप्रमाणे तासाला अवघी अडीच मिलिमीटर खाली उतरते; एक मीटर खोलीचा तळ गाठावयास तिला पंधरवड्याहून अधिक काळ लागेल. तोही पाणी अगदी स्तब्ध राहिले तर. उन्हाने तापलेल्या हौदात पाणी वरखाली होतच असते, आणि पेशी जिवंत असते. अंधारात तळाशी पडून राहणे तिला मानवत नाही. केंद्रोत्सारी यंत्राने घुसळून तिला वेगळे काढता येते, पण दोन हजार लिटर पाणी फिरविण्याची वीज एक किलो मालावर बसते. महाग रंगद्रव्यासाठी ते परवडते. इंधन किंवा पशुखाद्य करावयाचे तर नाही. उत्पादनाच्या एकूण खर्चाचा वीस ते तीस टक्के भाग कापणीवर जातो, असा आकडा १९८० च्या दशकापासून एका लेखातून दुसऱ्या लेखात उचलला जात आला आहे. तो प्रत्येक कारखान्याला लागू पडत नाही, हे उघड आहे. परंतु अडचण कोठे आहे ते त्यावरून कळते.

सगळ्याच शैवलांची अशी गत नाही. स्पिरुलिना ही मळसूत्राच्या आकाराची लांब तंतूंची जात कापडावर गाळता येते. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या परिसरात कानेम भागातील स्त्रिया ती पिढ्यान् पिढ्या गाळून वाळूवर वाळवितात आणि तिच्या वड्यांना ‘दिहे’ म्हणतात. मेक्सिकोत तेश्कोको सरोवरातून अझ्तेक लोक तशीच एक वस्तू काढीत असत. सुश्रुताने वस्त्राला दिलेले स्थान येथे बरोबर बसते. पण क्लोरेला कापडातून पाण्यासारखी पार होते. तिच्यासाठी यादीतील दुसऱ्या वस्तूकडे वळावे लागते.

पेशी एकमेकींना चिकटून आपोआप का जड होत नाहीत? त्यांच्या कवचावरील रासायनिक गट पाण्यात ऋण विद्युत्-भार धारण करतात. सारख्या भाराच्या वस्तू परस्परांना दूर ढकलतात, म्हणून कोट्यवधी पेशी जवळ असूनही एकट्याच राहतात. नदीच्या पाण्यातील मातीचे बारीक कणही याच कारणाने दिवसेंदिवस तरंगतात. त्यांना एकत्र आणण्याचे मार्ग मुख्यतः दोन. विरुद्ध भाराचे द्रव्य घालून पेशींचा ऋणभार मारावा, म्हणजे त्या जवळ येऊ शकतात; किंवा लांब साखळीचा रेणू घालावा, जो एका टोकाने एक पेशी आणि दुसऱ्या टोकाने दुसरी पेशी धरून पूल बांधील. दोन्ही मार्गांनी शेवटी पुंजके तयार होतात. पुंजक्याचा व्यास पेशीच्या दसपट झाला, तर घनता तीच धरून तो शंभरपट वेगाने उतरतो; प्रत्यक्षात पुंजका पोकळ असल्यामुळे वेग त्याहून कमी भरतो, तरी पंधरवड्याचे काम काही तासांवर येते. या क्रियेला हिंदी परिभाषेत ऊर्णन म्हणतात. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थ लोकरीचा झुबका असा आहे आणि संस्कृत ऊर्णा म्हणजे लोकर; परिभाषा घडविणाऱ्याने येथे प्रतिमा जशीच्या तशी आणली. मराठीत दूध नासण्याशी नाते सांगणारा किलाटन हा शब्द जवळच्या अर्थाने वापरला गेला आहे. स्वयंपाकघराला तो अधिक जवळचा आहे, मात्र नासण्याची छाया त्याला चिकटलेली आहे, आणि येथे तर पीक हाती लागावयाचे आहे.

ऋणभार मारण्याचे सर्वांत परिचित द्रव्य म्हणजे तुरटी. मराठी घरात पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरविण्याची रीत सर्वांच्या माहितीची आहे. शैवलावरही तुरटी उत्तम चालते. पण पिण्याच्या पाण्यात आणि शैवलाच्या हौदात एक मूलभूत फरक आहे, आणि या सगळ्या विषयाचे मर्म त्या फरकात आहे. पाणी निवळविताना वरचे पाणी हवे असते आणि खालचा साका फेकावयाचा असतो. शैवल गोळा करताना साका हाच माल असतो आणि पाणी बाजूला सारावयाचे असते. तुरटीतील ॲल्युमिनियम साक्याबरोबर खाली बसते. पाणी पिणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय झाली. साका कोंबड्यांना, माशांना किंवा माणसांना खाऊ घालावयाचा असेल तर हीच आपत्ती. ‘आत्मबोधा’तील उपमेचे येथे नेमके उलटे होते. पूड मळाबरोबर नाहीशी होत नाही. ती मळातच राहते, आणि तो मळ आता मळ राहिलेला नाही.

म्हणून जे द्रव्य साक्यात राहिले तरी चालेल, म्हणजे खाण्यास निर्धोक आणि कुजणारे असेल, त्याचा शोध सुरू झाला. तो शोध वनस्पतींच्या बियांपाशी, आणि त्यांतही प्रामुख्याने दोन झाडांपाशी आला: निवळी आणि शेवगा.

शेवग्याची कथा निवळीहून वेगळी आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या वायव्य भागातील हे मूळचे भारतीय झाड. त्याचे शास्त्रीय नाव तमिळ ‘मुरुंगै’ या शब्दावरून घडले आहे. संस्कृतात तो शिग्रू. त्याच्या बीला निघंटूंत श्वेतमरिच, म्हणजे पांढरे मिरे, म्हटले आहे. मूळ, साल, पान, शेंग यांचे गुण वैद्यकाने बारकाईने नोंदविले. परंतु सुश्रुताच्या सात वस्तूंत शिग्रू नाही. त्याच्या बीने पाणी निवळते ही गोष्ट विज्ञानाच्या नजरेस आली ती सुदानमधून. नाईलला पूर आला की तिचे पाणी चिखलाचे होते. तेथील खेड्यांतील स्त्रिया शेवग्याचे बी कुटून त्या पाण्यात ढवळीत आणि तासाभरात वरचे पाणी ओतून घेत. झाडाला तेथील अरबीत ‘शजरत अल्-रव्वाक’, म्हणजे निवळविणारे झाड, असे नाव आहे. निवळी, निर्मली, तेट्रा यांच्या पंक्तीत बसणारे हे आणखी एक कार्यवाचक नाव. आणि ते मिळाले कोणाला, तर भारतातून तिकडे गेलेल्या झाडाला. खार्टूम येथे काम करणाऱ्या सामिया अल् अझारिया जान यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या रीतीचा अभ्यास करून ती ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. त्या स्त्रियांनी जी मापे वापरली, म्हणजे पाण्याच्या गढूळपणानुसार लिटरमागे एक किंवा दोन बिया, प्रथम भरभर आणि मग सावकाश ढवळणे, त्यांत प्रयोगशाळेला फारसा बदल करावा लागला नाही. भरभर ढवळण्याने द्रव्य सर्वत्र पोचते. सावकाश ढवळण्याने पुंजके मोडल्याविना वाढतात.

बीमध्ये काम करणारे द्रव्य कोणते, याचा उलगडा पुढे झाला. शेवग्याच्या बीत काही लहान प्रथिने आहेत, त्यांचा रेणुभार सहा ते तेरा हजारांच्या आसपास. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र संशोधनांनी ती वेगळी काढून दाखविली. आर्जिनिनसारख्या ॲमिनो आम्लांमुळे ही प्रथिने साध्या पाण्यात ठळक धनभार धारण करतात. म्हणजे शेवगा तुरटीच्या मार्गाने जातो, फक्त धातूच्या जागी प्रथिन असते. मिठाच्या पाण्यात बी भिजविले तर अधिक प्रभावी अर्क निघतो, असे जपानी संशोधकांनी १९९९ च्या सुमारास दाखविले. मात्र त्या अर्कातील कार्यकारी द्रव्य प्रथिन नसून दुसरेच एक सेंद्रिय द्रव्य असावे, असेही त्यांचे म्हणणे पडले. हा मतभेद पूर्णतः मिटलेला नाही, आणि कदाचित दोन्ही द्रव्ये आपापल्या परीने काम करीत असतील.

निवळीचे तसे नाही. त्रिपाठी, चौधुरी आणि बोकील यांनी १९७६ मध्ये निवळीवर जे काम प्रसिद्ध केले त्यात तिचा अर्क ऋणभाराचा असल्याचे सांगितले आहे. ऋणभाराच्या कणांना ऋणभाराचे द्रव्य कसे गोळा करील, हे कोडे वाटते. त्याचे उत्तर दुसऱ्या मार्गात, पूल बांधण्यात आहे. पुढे १९९४ मध्ये निवळीच्या बीतून गॅलॅक्टोमॅनन आणि गॅलॅक्टन या लांब साखळीच्या शर्करा वेगळ्या करण्यात आल्या, आणि पाणी निवळविण्याचे सामर्थ्य त्यांच्यात असल्याचे दिसले. हे लांब रेणू कणाला धरतात. पाण्यातील चुन्याचे क्षार मध्यस्थी करतात. बी नुसते टाकण्याऐवजी घासण्याची परंपरा का पडली, तेही यावरून समजते. निवळीचे बी शिंगासारखे कठीण असते; त्यातील चिकट शर्करा मोकळी होण्यासाठी ते झिजवावेच लागते. कालिदासाच्या श्लोकातील घर्षण अलंकारासाठी आलेले नाही.

आता शैवलावरील प्रयोग. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ मध्ये क्लोरेलावर शेवग्याच्या बीचे पीठ वापरून पाहिले. लिटरमागे एक ग्रॅम पीठ घातले असता सुमारे ८९ टक्के पेशी खाली बसल्या. २०१५ मध्ये तमिळनाडूतील संशोधकांनी त्याच जातीवर निवळीचे बी वापरले आणि लिटरमागे शंभर मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत अर्ध्या तासात ९९ टक्क्यांहून अधिक पेशी गोळा झाल्याचे नोंदविले. या टक्केवारीने वाचक हुरळून जातो. थोडे घरगुती गणित केले की डोके ठिकाणावर येते. हौदात लिटरला अर्धा ग्रॅम शैवल आहे असे धरले, तर लिटरला एक ग्रॅम पीठ याचा अर्थ एक किलो शैवलासाठी दोन किलो शेवग्याचे बी. मिळावयाच्या पिकापेक्षा घालावयाचे द्रव्य दुप्पट! साक्यातील मोठा भाग शैवल नसून शेवग्याचेच पीठ असेल. निवळीच्या मात्रेने हाच हिशेब किलोमागे दोनशे ग्रॅमवर येतो; तो विचारात घेण्याजोगा आहे, तरी थोडा नाही. शेवग्याच्या पिठाऐवजी त्यातून काढलेले प्रथिन वापरले तर मात्रा पुष्कळच उतरते, पण मग अर्क काढण्याचा खर्च आणि मिठाचे पाणी पदरी पडते.

मात्रेचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. धनभाराचे द्रव्य जास्त झाले तर पेशींचा भार उलटून सर्वच धनभारित होतात आणि पुन्हा एकमेकींना ढकलू लागतात. अधिक घातल्याने काम बिघडते. शैवल स्वतःही पाण्यात काही चिकट द्रव्ये सोडीत असते. ती बियांतील द्रव्य पेशींच्या आधी पटकावतात, म्हणून जुन्या हौदाला नव्या हौदापेक्षा अधिक मात्रा लागते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जातींवर भाराच्या जोरावर चालणारी द्रव्ये फिकी पडतात, कारण मिठाच्या आयनांनी भाराची पोच आधीच तोकडी केलेली असते. याखेरीज उरलेले पाणी. ते हौदात परत वापरले नाही तर दोन हजार लिटर पाणी आणि त्यातील खत वाया जाते. परत वापरले तर त्यात राहिलेली बियांची विद्राव्य प्रथिने व शर्करा जंतूंना खाद्य पुरवितात. दोन-चार फेऱ्यांनंतर हौदात शैवलाबरोबर दुसरेच काही वाढू लागण्याचा धोका असतो. पूड संपूर्णपणे खाली जात नाही, ही गोष्ट वेदान्ताच्या उपमेला बाधक नसेल, पण हौदाच्या मालकाला ती पुरेपूर बाधते.

बियांची उपलब्धी हा आणखी एक भाग. निवळी ही मध्य व दक्षिण भारताच्या कोरड्या पानझडी जंगलांतील, सावकाश वाढणारी. कुचला ज्यापासून मिळतो त्या विषारी काजऱ्याची ती भाऊबंद, पण तिच्या बीत काजऱ्याचे ते घातक विष नाही. एरवी शतकानुशतके ती पाण्यात घासली गेली नसती. तिची लागवड शेतासारखी कोणी करीत नाही. बी गोळा होते ते जंगलातून आणि विकले जाते ते काष्ठौषधींच्या दुकानात. मोठ्या हौदांची गरज तिच्यावर टाकली तर रानातली झाडे किती दिवस पुरतील? शेवग्याचे तसे नाही. तमिळनाडूत पेरियकुळम येथे निघालेल्या जाती लावल्यापासून वर्षाच्या आत शेंगा देतात. पण शेवग्याचा शेतकरी हिरवी शेंग विकतो. बी हवे तर शेंग झाडावर वाळू द्यावी लागते, म्हणजे भाजीचा भाव सोडावा लागतो. यातून एक सोयीची वाट आहे: शेवग्याच्या बीत तीस ते चाळीस टक्के तेल असते, ते काढून घेतल्यावर जी पेंड उरते तिच्यात निवळविणारे प्रथिन शाबूत राहते. तेल एका बाजारात आणि पेंड शैवलाच्या हौदात, असे झाले तरच हिशेब जुळण्याचा संभव आहे.

काही संशोधकांनी निराळा मार्ग धरला. गवारीच्या बीतील डिंक स्वस्त व मुबलक आहे, परंतु त्याला भार नाही. रासायनिक क्रियेने त्याच्या साखळीवर धनभाराचे गट जोडले, म्हणजे तो शैवल गोळा करू लागतो. २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी हे दाखविले, आणि पिष्टावर तसाच प्रयोग युरोपात त्याआधी झाला होता. मात्रा कमी लागते, काम झटपट होते. मात्र भार जोडण्यासाठी लागणारी द्रव्ये निसर्गातील नाहीत. अशा डिंकाला नैसर्गिक म्हणावे काय? शास्त्रीय नियतकालिकांतून ‘नैसर्गिक’ हे विशेषण अलीकडे फार सढळपणे वापरले जाते. नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, हे ‘मनुस्मृती’तले वचन त्या लेखांच्या माथ्यावर छापावयास हरकत नाही. बी निसर्गातले असले तरी साक्यात त्याचे प्रमाण किती, तो खाणाऱ्या जनावराला ते पचते काय, शेवग्याच्या कच्च्या बीचा कडवटपणा खाद्यात उतरतो काय, हे प्रश्न प्रत्येक मालाच्या बाबतीत वेगळे सोडवावे लागतात. मालापासून इंधनवायूच करावयाचा असेल, तर त्यांपैकी बहुतेक प्रश्न उरत नाहीत. पेंडही शैवलाबरोबर कुजते आणि तिचाही वायू होतो. बियांच्या वापराला आज सर्वांत मोकळे क्षेत्र तेच दिसते, आणि त्याच्या जोडीला सांडपाण्यावर वाढविलेले शैवल, जे कोणाच्या ताटात जावयाचे नाही.

राहिले सुश्रुताच्या यादीतील शैवालमूळ. आजच्या अर्थाच्या शैवलाला मूळ नसते, म्हणून तेथे पाण्यातील एखादी मुळे धरणारी वनस्पती अभिप्रेत असली पाहिजे. काव्यातही कमळाभोवतीचे शैवाल कित्येकदा पाणवनस्पतीच असते. तरी शैवलाने पाणी निवळावे ही कल्पना आता अक्षरशः प्रयोगात आली आहे. शैवलांच्या काही जाती आपोआप पुंजके बांधून तळाशी बसतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये अशा जातींचे, त्यांत सेनेडेस्मसचाही समावेश होता, पाणी न बसणाऱ्या क्लोरेलात मिसळले. बसणाऱ्या जातीने तरंगणाऱ्या जातीचा काही भाग आपल्याबरोबर खाली नेला. येथे बाहेरचे द्रव्य काहीच घालावे लागत नाही, साक्यात परके काही राहत नाही आणि उरलेले पाणी सरळ हौदात जाते. उणीव एवढीच, की बसणारी जात वेगळ्या हौदात आधी वाढवून ठेवावी लागते, आणि ती पुष्कळ लागते.